एका सतरा अंकी संख्येचे गणित

प्राथमिक शाळेत मोठ्या संख्यांचा परिचय बहुधा वाचन-लेखनापुरताच होतो. फळ्यावर लांबलचक आकडा लिहावा, स्वल्पविराम देऊन त्याचे गट पाडावेत, मुलांनी तो मोठ्याने वाचावा आणि पुढील उदाहरणाकडे वळावे, असा क्रम सर्वत्र आढळतो. संख्या मोठी आहे एवढेच मुलांच्या ध्यानात राहते. ती तशीच का आहे, हा प्रश्न उद्भवत नाही. या परिपाठास अपवाद म्हणून हाताळता येईल अशी एक संख्या पुढे दिली आहे. तिच्यासाठी गुणाकार, बेरीज आणि हातचा यांपलीकडे कोणतेही ज्ञान लागत नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१

ही संख्या सतरा अंकी आहे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, अंकांचा क्रम तोच राहतो. एकपासून चढत चढत नऊपर्यंत जावे आणि त्याच पायऱ्यांनी खाली यावे, अशी तिची रचना आहे. व्यवहारातील पद्धतीने वाचावयाची तर १२३ कोटी ४५ लक्ष ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लक्ष ५४ हजार ३२१ असे म्हणावे लागेल, आणि त्यात कोटींचे कोटी होऊन मुलांचा गोंधळ उडेल. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ या ग्रंथात (इ. स. ११५०) दशमान स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत, ती येथे फार उपयोगी पडतात. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध, असा तो क्रम आहे. प्रत्येक स्थान मागील स्थानाच्या दसपट. या पद्धतीने आपल्या संख्येत एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज आणि नऊ अर्बुद होतात; तेथून आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक असा उतार लागतो. अठरा नावांपैकी केवळ परार्ध शिल्लक राहते. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेव्हा ही नावे महाराष्ट्रातील शाळेस परकी नव्हेत.

या संख्येचा संबंध एका शाळाशिक्षकाशी आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. ठाण्यास माध्यमिक शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना गणितातील रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. संख्यांच्या अंकांत दडलेले नियम शोधणे हा त्यांचा ध्यास होता. हे काम क्षुल्लक समजणारे विद्वान त्या काळी पुष्कळ होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या अमेरिकेतील मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर झाले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ या संख्येमुळे ते अधिक ओळखले जातात. परंतु त्याच्याही आधी, १९३८ साली, ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांनी ‘अद्भुत डेम्लो संख्यां’विषयी लेख प्रसिद्ध केला होता. डेम्लो हे नाव मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील एका स्थानकाचे. ते आजचे डोंबिवली होय, असे मानले जाते. तेथे या संख्यांची कल्पना सुचली म्हणून त्यांनी स्थानकाचेच नाव संख्यांना दिले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती मालिका असून आपली सतरा अंकी संख्या तिच्यातील नववी होय.

ही मालिका कशी उत्पन्न होते, हे सांगण्यास कापसाच्या गाठींचे उदाहरण सोयीचे आहे. मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या दरम्यान कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. कापसाचा बाजार कुलाब्याहून तेथे हलविला गेला, त्यावरून हे नाव पडले. वऱ्हाड-खानदेशातून रेल्वेने आलेल्या गाठी तेथील वखारींत ठेवीत. अशा एका वखारीत अकरा रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत अकरा गाठी आहेत, असे समजावे. एकंदर गाठी किती? पाढा न म्हणता असे पाहावे. प्रथम दहा रांगांतील दहा-दहा गाठींचा मोठा चौक वेगळा काढला, तर त्यात १०० गाठी झाल्या. उजव्या बाजूस दहा गाठींची एक उभी पट्टी राहिली आणि खालच्या बाजूस दहांची एक आडवी पट्टी राहिली; या दोन पट्ट्या मिळून दोन दहा. कोपऱ्यात एक गाठ एकटी उरली. एक शतक, दोन दशक, एक एकक, म्हणजेच १२१.

आता १११ रांगा आणि प्रत्येक रांगेत १११ गाठी घ्याव्यात. प्रत्येक बाजूचे १००, १० आणि १ असे तीन भाग पाडले की जमिनीवर नऊ चौकोन पडतात. शंभर गुणिले शंभर हा एकच चौकोन दहा हजारांचा. शंभर गुणिले दहा असे दोन चौकोन, म्हणून दोन हजार. शेकड्याचे चौकोन मात्र तीन सापडतात: दहा गुणिले दहा हा एक, आणि शंभर गुणिले एक असे दोन. दहांचे दोन आणि एकाचा एक. १, २, ३, २, १ हे आकडे कोठून आले, ते मुलांना आता डोळ्यांनी दिसते. हा पाठ चौकटीच्या कागदावर रंगीत खडूने, किंवा अंगणात चिंचोके मांडून, सहज घेता येतो. १२१ चिंचोके कोणत्याही गावात मिळतील. १२३२१ साठी कागदच बरा.

नऊ वेळा एक लिहून होणारी १११११११११ ही संख्या तिनेच गुणावयाची झाल्यास कागदही पुरणार नाही. तेथे नेहमीची गुणाकाराची मांडणी उपयोगी पडते. गुणक संख्येतील प्रत्येक अंक १ असल्यामुळे प्रत्येक ओळीत तीच संख्या उतरते; फक्त दर ओळीस ती एक घर डावीकडे सरकते. अशा नऊ ओळी एकाखाली एक लिहिल्यावर उजवीकडील पहिल्या स्तंभात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, नवव्यात नऊ. पुढे वरच्या ओळी एकेक करून संपू लागतात म्हणून दहाव्या स्तंभात आठ, अकराव्यात सात, आणि सतराव्यात पुन्हा एक. बेरीज करताना हातचा एकदाही येत नाही. स्तंभातील एकांची संख्या तीच उत्तराचा अंक होते. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, त्याचे कारण एवढेच.

या संख्येचा विस्तार मनात आणून देण्यासही वर्गाची आकृतीच बरी. आलेख कागदावरील एक मिलिमीटर बाजूचे बारीक चौकोन मुलांच्या परिचयाचे असतात. असे १११११११११ चौकोन एका ओळीत मांडले तर ओळीची लांबी १११ किलोमीटर, १११ मीटर, ११ सेंटिमीटर आणि १ मिलिमीटर भरेल. हे अंतर पृथ्वीवर सुमारे एका अक्षांशाइतके आहे. कॉटन ग्रीन स्थानक उत्तर अक्षांश १९ च्या अगदी जवळ आहे. तेथून सरळ उत्तरेकडे ही बाजू आखली तर तिचे टोक डहाणूच्या किंचित पूर्वेस येते. सरळ पूर्वेकडे आखली तर ते पुणे जिल्ह्यातील मंचरजवळ पोहोचते. आणि चौथा कोपरा पडतो तो देवळालीच्या काही किलोमीटर पूर्वेस. कापरेकरांचे जन्मगाव एका कोपऱ्याशी आणि कर्मभूमी दुसऱ्याशी, हा निव्वळ योगायोग आहे. पण नकाशावर तो दाखविला तर संख्या मुलांच्या स्मरणात राहील. या चौरसाच्या पोटात ठाणे जिल्हा, सह्याद्रीचे घाट आणि नाशिक व पुणे जिल्ह्यांचे काही भाग येतात. त्या सर्व भूमीवर मिलिमीटरचा आलेख कागद अंथरला, तर त्यावर जितके बारीक चौकोन मावतील तितकी ही संख्या आहे. ते चौकोन सेकंदास एक या गतीने मोजावयाचे ठरविले तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

येथपर्यंतचा भाग आनंददायक आहे खरा, परंतु अध्यापनाच्या दृष्टीने खरे मोल पुढील भागाचे आहे. नऊ एकांपर्यंत मालिका बिनचूक चालते. मग दहा एकांचा वर्ग किती, असे विचारल्यास वर्गातील चलाख मुले तत्काळ १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असे लिहितील. नऊ वेळा अनुभव आला म्हणून दहाव्या वेळीही तेच घडेल, अशी त्यांची समजूत असते. शिक्षकाने ते उत्तर चूक म्हणून पुसून टाकू नये. ते फळ्यावर राहू द्यावे आणि बाजूस दहा ओळींची बेरीज मांडावी. नऊ स्तंभ पूर्वीसारखेच जातात. दहाव्या स्तंभात मात्र दहा एक भेटतात. एका घरात दहा मावत नाहीत, म्हणून ० लिहून हातचा १ पुढे जातो. अकराव्या स्तंभात नऊ एक होतेच. हातच्यासह तेही दहा झाले, पुन्हा ० लिहून हातचा १. बाराव्या स्तंभात आठ आणि हातचा एक मिळून ९. त्यापुढे हातचा नाही. ७, ६, ५ असा उतार पूर्ववत चालतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर मोडले, मधोमध दोन शून्ये बसली, आणि डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला. ही संख्या एकोणीस अंकी आहे. भास्कराचार्यांची अठरा नावे तिला पुरत नाहीत.

मुलांनी लिहिलेल्या चुकीच्या उत्तराचा ताळा पाहणेही उद्बोधक ठरते. नऊचा ताळा घेतला तर दहा एकांची बेरीज १०, म्हणून बाकी १. तिचा वर्ग १. चुकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज ९१ येते आणि नऊने भागल्यास बाकी १ उरते. ताळा जुळला! बरोबर उत्तरातील अंकांची बेरीज ८२, बाकी १, तोही जुळला. नऊचा ताळा अंकाचे स्थान पाहत नाही, फक्त बेरीज पाहतो, म्हणून हातचा योग्य घरी गेला की नाही हे त्याला कळत नाही. हा ताळा न जुळल्यास चूक निश्चित असते. जुळल्यास उत्तर बरोबरच आहे असे मात्र म्हणता येत नाही. अनेक शाळांत हा भेद सांगण्याचे राहून जाते. अकराचा ताळा येथे चूक पकडतो. उजवीकडून एक अंक मिळवावा, पुढचा वजा करावा, असे शेवटपर्यंत केले की बरोबर उत्तरात ० येतो. दहा एकांच्या संख्येस अकराने निःशेष भाग जातो, म्हणून तिच्या वर्गासही गेलाच पाहिजे. चुकीच्या उत्तरात तीच कृती केल्यास १ उरतो.

अंकांची बेरीज हा विषय निघाला आहे, तर मूळ संख्येकडे परत येऊन तिच्या अंकांची बेरीज करावी. एक ते नऊ आणि पुन्हा आठ ते एक मिळून ८१ होतात. आणि ८१ म्हणजे नऊचा वर्ग. यात नवल नाही. नऊ ओळींत नऊ-नऊ एक होते, हातचा न आल्यामुळे ते सर्वच्या सर्व उत्तरात उतरले. (हातचा आला असता तर दर हातच्यास बेरीज ९ ने घटली असती, कारण एका घरातील दहा जाऊन शेजारी एकच येतो. दहा एकांच्या वर्गात शंभरातून १८ वजा होऊन ८२ उरले ते याचमुळे.) आता या संख्येस ८१ ने भाग जातो काय? १११११११११ ला ९ ने भागून पाहावे. ११ मध्ये १ भाग जाऊन बाकी २, मग २१ मध्ये २ जाऊन बाकी ३, ३१ मध्ये ३ जाऊन बाकी ४, असे करीत ७१ मध्ये ७ जाऊन बाकी ८ येते. त्यापुढे ८१ होतात आणि ९ पूर्ण बसतात. भागाकार १२३४५६७९. त्यात ८ नाही, कारण ७ च्या पुढील पायरीलाच नऊ बसले. नऊ एकांच्या संख्येस ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ ने जातो.

ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या असे नाव दिले. हर्ष देणारी ती हर्षद. १८, २१, २४ ही सोपी उदाहरणे होत. आपली संख्या डेम्लो आहे तशी हर्षदही आहे. नऊ डेम्लो संख्यांत हे सर्वांच्या वाट्यास येत नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. १२३४५४३२१ च्या अंकांची बेरीज २५ असून शेवटचा अंक १, म्हणजे भागाचा प्रश्नच नाही. १, १२३२१ आणि नववी संख्या, एवढ्या तीनच हर्षद ठरतात. शोध मुलांकडून करवून घ्यावा. मात्र एक सावधगिरी हवी. अंकांची बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जातो, असा नियम नाही. बेरजेवरून विभाज्यता ठरविण्याचा नियम ३ आणि ९ यांनाच लागू आहे. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, तरी २७ ने भागल्यास बाकी ९ उरते.

मूळ अवयव पाडण्याची हौस असलेल्या वरच्या इयत्तांतील मुलांसाठी एवढे सांगून ठेवावे की १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७, आणि हे दोन्ही अवयव मूळसंख्या आहेत. त्यामुळे सतरा अंकी संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. तिचे एकंदर विभाजक ४५. खिशातील साध्या गणकयंत्रावर हे ताडून पाहणे कठीण, कारण त्यावर सतरा अंक मावत नाहीत. संगणकावरील हिशेबाच्या प्रचलित तक्त्यात ही संख्या भरली तर पंधरा अंकच राखले जातात आणि शेवटचे २१ जाऊन त्यांच्या जागी दोन शून्ये येतात. पाटीवर ती अडचण नाही.

राहिली कापरेकर संख्या. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन भाग पाडून त्यांची बेरीज केल्यास मूळ संख्या परत मिळते, ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. आपल्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणावे. ८१ हा ९ चा वर्ग आणि आपली संख्या १११११११११ चा वर्ग, म्हणून गुणाकार ९९९९९९९९९ चा वर्ग होतो: ९९९९९९९९८००००००००१. नऊ-नऊ अंकांचे दोन भाग पाडले की डावीकडे ९९९९९९९९८ आणि उजवीकडे ०००००००० नंतर १ राहतो. त्यांची बेरीज ९९९९९९९९९. ९ च्या वर्गात ८ आणि १, ९९ च्या वर्गात ९८ आणि ०१, ९९९ च्या वर्गात ९९८ आणि ००१ असे हेच दिसते. चौथीच्या वर्गात ९९ पर्यंत फळ्यावर करून दाखवावे आणि ९९९ चा वर्ग मुलांस घरून करून आणण्यास सांगावा. दहा एकांप्रमाणे हा नियमही कोठे मोडतो काय, हे पुढच्या तासास त्यांनाच विचारावे. १००० मधून १ वजा करून वर्ग केल्यास कारण सापडते, आणि हा नियम कोठेच मोडत नाही.